फिरत्या रुळावरचा प्रतिध्वनी

श्रोतेहो, आवाजाइतके नाशवंत दुसरे काही नाही. तोंडातून शब्द निघाला की तो गेलाच. गेलेला आवाज परत ऐकू यावा, ही माणसाची फार जुनी हौस आहे. त्या हौसेपायी कोणी दगडाचे घुमट बांधले, कोणी लोखंडाचे रूळ फिरवले, आणि आज तीच करामत तळहाताएवढ्या पेटीत येऊन बसली आहे. तिची हकीगत आज सांगायची आहे.

सोलापूरकरांना प्रतिध्वनीचे नवल नाही. येथून सुमारे शंभर किलोमीटरवर विजापूर आहे. १९५६ पर्यंत ते आपल्याबरोबर मुंबई राज्यातच होते. आता ते कर्नाटकात असून २०१४ पासून त्याचे सरकारी नाव विजयपूर आहे. तिथला गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. हा बादशहा १६५६ मध्ये वारला. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्जात उभे राहून एक टाळी वाजवा, ती पुन्हा पुन्हा उमटत राहते. शाळांच्या सहलीतील प्रत्येक पोर तिथे एकदा तरी ओरडून येतेच!

हे होते कसे? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोर भिंत असली तर तिच्यावर आपटून माघारी येतो. परतायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागला, तरच आपला कान मूळ आवाज आणि त्याचा पडसाद वेगळे ओळखतो. म्हणजे जाऊन येऊन ३४ मीटरची वाट हवी. भिंत निदान १७ मीटर लांब हवी. शिक्षकबंधूंनो, हा हिशेब मुलांना फळ्यावर सांगण्यापेक्षा शाळेच्या लांबलचक भिंतीसमोर मैदानात नेऊन दाखवावा. एकदा टाळी वाजवली की सूत्र पाठ करावे लागत नाही.

पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याने आपला घुमट बरोबर कसा न्यावा? १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातले ‘आएगा आनेवाला’ हे गाणे घ्या. आवाज दुरून जवळ येतो आहे असा भास हवा होता. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मध्ये ठेवला आणि आपण कोपऱ्यापासून गात गात त्याच्याकडे चालत आलो, अशी आठवण लता मंगेशकर सांगत. अंतराचे काम तिथे चक्क पावलांनी केले!

हेच काम यंत्राने करण्याची गुरुकिल्ली त्याआधीच एका डॅनिश माणसाच्या हाती लागली होती. वाल्डेमार पोल्सन हे त्याचे नाव. १८९८ मध्ये त्याने एका रुळावर पोलादी तार गुंडाळली. आपल्याकडे कांडीवर सूत भरतात ना, तशीच. रूळ फिरवला आणि विजेच्या चुंबकाने त्या तारेवर आवाज उमटवला. बोलण्याप्रमाणे चुंबक कमीजास्त होई आणि त्याचा ठसा तारेवर राही. तीच तार पुन्हा चुंबकापुढून नेली की बोलणे ऐकू येई. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ त्याच्यापुढे बोलला. बादशहा गेला, त्याचे साम्राज्य गेले, पण ते चार शब्द आजही डेन्मार्कमध्ये जपलेले आहेत.

यातून प्रतिध्वनी कसा निघाला, ते पाहा. रुळाच्या कडेला एक चुंबक लिहिण्याचे काम करतो. थोडे पुढे दुसरा वाचण्याचे काम करतो. लिहिलेली जागा वाचणाऱ्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तेवढ्या उशिराने आवाज पुन्हा उमटतो. झाला प्रतिध्वनी! सर्वांत शेवटी पुसणारा चुंबक. तो पाटी कोरी करतो आणि रूळ पुन्हा लिहायला हजर होतो.

इटलीतल्या मिलान शहरात बोनफिल्यो बिनी यांच्या बिनसन कंपनीने या तत्त्वावर ‘एकोरेक’ नावाचे यंत्र काढले. १९५० आणि १९६० च्या दशकांत ते नावारूपाला आले. इतरांच्या यंत्रांत फीत असे. ती झिजे, ताणली जाई, तुटे. बिनसनने फितीऐवजी कडेला पोलादी तार घट्ट गुंडाळलेला रूळ वापरला. इंग्रजीत त्याला ‘ड्रम’ म्हणतात, म्हणून हा ‘ड्रम एको’. इथे ढोल-ताशाचा संबंध नाही बरे का! रुळाभोवती वाचणारे चार चुंबक असत. सर्वांत लांबच्या चुंबकाचा पडसाद सेकंदाच्या सुमारे तीन दशांशाने येई. आपला मघाचा हिशेब लावा: ५१ मीटर लांबच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी टेबलावरच्या पेटीतून निघत होता. पेटीवर एक हिरवा डोळाही होता. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर स्टेशन लावताना जो हिरवा डोळा उघडझाप करी, तोच.

इंग्लंडच्या पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाने या यंत्राचे नाव जगभर नेले. १९७१ च्या त्यांच्या ‘मेडल’ या तबकडीची सुरुवात ‘वन ऑफ दीज डेज’ या रचनेने होते. तिच्यातील खर्जाच्या गिटारचा धडधडता ठेका एकोरेकमधूनच निघालेला आहे. वाजवणारा एकदा तार छेडतो आणि यंत्र मधल्या जागा भरते.

मौज पुढेच आहे. हे यंत्र निर्दोष नव्हते. रूळ एका रबरी चाकाच्या जोरावर फिरे. रबर झिजले की गती किंचित मागेपुढे होई आणि परतणारा सूर थरथरे. प्रत्येक फेरीला आवाज थोडा मऊ, थोडा धूसर होई. कारखानदाराच्या दृष्टीने हा दोष. पण ऐकणाऱ्यांना त्यात जिवंतपणा वाटला. पुढे संगणकाच्या चकत्या आल्या. आवाजाचे सेकंदाला हजारो आकडे करून ते साठवायचे आणि हवे तेव्हा सोडायचे, हे सोपे झाले. पडसाद अगदी स्वच्छ येऊ लागला. इतका स्वच्छ की वाजवणाऱ्यांना जुन्या थरथरीची आठवण येऊ लागली!

म्हणून आता अशा पेट्या निघाल्या आहेत, की ज्या त्या जुन्या रुळाचे सोंग हुबेहूब वठवतात. क्रोएशियातील डॉनर प्रिन्सची ‘बूनार’ ही त्यांपैकी एक. अमेरिकेतील कॅटलिनब्रेडने तर आपल्या पेटीला ‘एकोरेक’ हेच नाव दिले. वादक त्यांना पेडल म्हणतात. आपली पायपेटी पायाने भाता मारून वाजते. इथे पायाने नुसती कळ दाबायची. आत रूळ नाही, तार नाही, रबरी चाकही नाही. सगळा आकड्यांचा कारभार! पण चार चुंबकांचे पडसाद, सुराचा कंप, आवाजाचा मऊपणा हे सारे त्यात मोजूनमापून घातलेले आहे.

यात आपल्याला काय, असे कोणी विचारील. श्रोतेहो, त्या शब्दाकडे लक्ष द्या: मोजूनमापून. नक्कल करायलासुद्धा मूळ वस्तू शिल्लक असावी लागते. कोणीतरी ती जुनी यंत्रे जपली, दुरुस्त करून चालती ठेवली, म्हणून त्यांचा आवाज मोजता आला. मूळच हरवले असते, तर मोठ्यातला मोठा संगणकही काही करू शकला नसता.

आता आपल्या घराकडे पाहा. पोल्सनच्या तारेवर बादशहाचे बोल राहिले. कुणब्याच्या घरातली पहाटेची ओवी कोणी लिहून घेतली? पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी प्वातवाँ यांनी हे काम अंगावर घेतले. गावोगाव जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुढे अनेक ओव्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. जाती कोपऱ्यात गेली होती, पण गाणाऱ्या होत्या. आणखी वीस वर्षे वाट पाहिली असती, तर ओवी कागदावर उरली असती. तिची चाल, तिचा श्वास, जात्याच्या घरघरीबरोबर पडणारी तिची टेकण, हे कोठून आणले असते?

सोलापूर जिल्ह्यात अजून पुष्कळ आवाज आहेत. हातमागाची खटखट आहे, धनगरांच्या ओव्या आहेत, पंढरीच्या वाटेवरची भजने आहेत, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी म्हातारी माणसे आहेत. पोल्सनला जे साधायला तारेचा रूळ लागला, ते आज मोबाइलमध्ये होते. शिक्षकांनी एवढे करावे: वरच्या वर्गातील प्रत्येक मुलाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे एक गाणे, एक गोष्ट किंवा कामाचा एक आवाज नोंदवून आणावा. सोबत नाव, गाव आणि तारीख लिहावी; परवानगी विचारून घ्यावी; एक प्रत शाळेत ठेवावी. आवाज थरथरला, मागे कोंबडा आरवला, तर तो भाग काढून टाकू नये. कशाला दोष म्हणायचे आणि कशाला जीव, ते पुढच्यांना ठरवू द्यावे.