रत्नागिरी किनाऱ्यावरील नौकांची तपासणी : लाकडापासून फायबरपर्यंत

विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी, गिर्ये येथे, मराठा आरमाराची सुमारे 350 फूट लांबीची गोदी आजही पाहायला मिळते. 1981 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. गोदीत कोरड्यावर घेतलेल्या गलबताच्या तळाच्या फळ्या शिपवर्म या लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवाने खाल्ल्या आहेत का, सांधे सुटले आहेत का, हे सुताराला डोळ्यांनी पाहता येई. मच्छीमारांच्या होड्यांना गोदीची गरज नव्हती. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या होडीची कुजकी फळी बदलणे, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवणे ही कामे त्याच सक्तीच्या विश्रांतीत उरकली जात.

काचतंतूंचे थर रेझिनमध्ये बसवून घडवलेल्या, किनाऱ्यावर नुसत्या 'फायबर' म्हटल्या जाणाऱ्या होड्या आल्या आणि शिपवर्मची धास्ती संपली. मात्र धक्क्यावर आपटलेल्या फायबरचे आतले थर एकमेकांपासून सुटले तरी पृष्ठभाग बहुधा गुळगुळीतच राहतो, त्यामुळे हातोडीने ठोकून बद्द आवाज येतो का ते ऐकणे, एवढाच साधा उपाय उरला. लाकडाची उघड दिसणारी खोड गेली आणि तिच्या जागी लपून राहणारी आली, हा व्यवहार वाटतो तितका फायद्याचा नव्हता.

त्यावरचा उपाय रत्नागिरीपासून फार दूर शोधला गेला. 1978 मध्ये कॅनडात केनेथ हिल व सहकाऱ्यांनी प्रकाशतंतूच्या गाभ्यात प्रकाशानेच सूक्ष्म, समान अंतराची जाळी कोरली जाते हे दाखवले; अशी जाळी ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परतवते आणि तंतू ताणला गेला की ती तरंगलांबी सरकते. विसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेच्या आरमाराच्या 'स्कोल्ड' या फायबर बांधणीच्या वेगवान युद्धनौकेवर अशा संवेदकांनी, म्हणजे सेन्सरांनी, लाटांच्या माऱ्याखाली सांगाड्यावर येणारा ताण मोजला गेला.

तथापि तापमानानेही तरंगलांबी सरकत असल्याने तो परिणाम वेगळा काढावा लागतो; शिवाय सुमारे 125 मायक्रॉन जाडीचा हा तंतू भोवतीच्या काचतंतूंहून कितीतरी जाड असल्याने ज्या थरांत बसवला त्यांतच व्यत्यय ठरू शकतो, आणि सांगाड्यातून तो जिथे बाहेर पडतो तिथे तुटला तर पुन्हा जोडणे जिकिरीचे असते. परतलेला प्रकाश वाचणारे यंत्रही महाग, म्हणून हा खर्च युद्धनौकेला परवडला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार होडीला हातोडीच परवडते.