पत्ता आणि ओळख

एका डिस्कवरचे फोटो किंवा गाणी दुसरीकडे हलवली, की सॉफ्टवेअरला ती सापडेनाशी होतात आणि दोष वापरणाऱ्याच्या धांदलीवर जातो. दोष खरा तर कोणती वस्तू कुठे आहे हे टिपणाऱ्या नोंदवहीच्या रचनेत असतो आणि तो संगणकाहून बराच जुना आहे. सर रॉबर्ट कॉटन यांच्या लंडनमधल्या ग्रंथसंग्रहात कपाटांना रोमन सम्राटांची नावे होती आणि हस्तलिखिताची ओळख म्हणजे त्याची जागा. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याचे हस्तलिखित म्हणजे व्हिटेलियसच्या कपाटातल्या पहिल्या फळीवरचे पंधरावे. १७३१ च्या आगीत ते होरपळले, १७५३ मध्ये संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला, पुढे ब्रिटिश लायब्ररीकडे. कपाट कधीच मागे पडले, क्रमांक मात्र तोच आहे. हे निभावले, कारण त्या क्रमांकाला कोणी आता पत्ता समजत नाही. ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये क्रमांक फळीला न देता विषयाला दिला, तेव्हा पुस्तके सरकवायची मोकळीक ग्रंथालयांना रीतसर मिळाली.

संगणकावरच्या संग्रहांनी हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवला. २००१ साली आलेल्या आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत प्रत्येक गाण्यापुढे त्याच्या फाइलचा अख्खा मार्ग (पाथ) लिहिलेला असे. फाइल हलवली की कित्येकदा नावाशेजारी उद्गारचिन्ह उमटे. २००७ च्या लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरची मांडणी अधिक शहाणी होती. त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पूर्ण मार्ग फक्त मूळ फोल्डरचा असतो, आतल्या फोल्डरांचे मार्ग त्याच्या सापेक्ष. त्यामुळे फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसले, तर मूळ फोल्डरची नवी जागा एकदा दाखवली की आतले सगळे जुळते. घाबरून जुनी नोंद काढून टाकली आणि फोटो नव्याने आयात केले, तर फोटो येतात. पण कॅटलॉगमध्येच राहिलेले फोटोंवरचे संस्कार आणि संग्रहांची जुळणी जाते. म्हणून जाणकार आधी कॅटलॉगची प्रत काढतात, फोटो नव्या डिस्कवर कॉपी करतात, मार्ग बदलतात, दहा-वीस फोटो उघडून पाहतात आणि मगच जुन्या प्रतीला हात लावतात. ई-पुस्तकांच्या कॅलिबर या सॉफ्टवेअरने हे आणखी सोपे केले: पुस्तकांची नोंदवही पुस्तकांच्याच फोल्डरात राहते आणि तिच्यातले मार्ग त्या फोल्डरपासून मोजलेले असतात. कॅलिबर बंद करून अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे नेला, तर नोंदवहीत एक अक्षरही बदलावे लागत नाही. फक्त नवी जागा दाखवायची. एकाच डेटाबेसमध्ये पाच डिस्कांवरचे फोटो सांभाळणाऱ्याला मात्र ही सोय परवडत नाही.

यावर कोणी विचारेल, प्रत्येक फाइलला जागेशी संबंध नसलेला कायमचा क्रमांक देऊन हा प्रश्न मुळातूनच का सोडवत नाहीत? प्रयत्न झाले आहेत. मॅकिंटॉशच्या सिस्टिम ७ मध्ये, १९९१ साली, आलेला एलियस, म्हणजे मूळ फाइलकडे नेणारी खूण, फाइलच्या क्रमांकावरून तिला हुडकून काढायचा. फाइल त्याच डिस्कवर कुठेही सरकवली तरी चाले. पण तो क्रमांक त्या डिस्कपुरताच. नव्या डिस्कवर केलेली प्रत त्याच्या लेखी वेगळी फाइल, आणि माणूस संग्रह हलवतो तो बहुतेकदा जुनी डिस्क भरली म्हणूनच. फाइलच्या मजकुरावरून ठसा काढून तीच ओळख मानावी, तर गाण्यातल्या कलाकाराचे नाव दुरुस्त केले तरी ठसा बदलतो.