अटी मान्य असतील तर

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन कमला भागवत पहिल्या आल्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे पुढच्या शिक्षणासाठी अर्जही तिथेच गेला. तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन, आणि नकाराचे कारण एवढेच की अर्जदार मुलगी होती.

दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. या घरातल्या मुली ‘नाही’ ऐकून मुकाट्याने परत फिरणाऱ्या नव्हत्या. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यापुढे सत्याग्रहाची भाषा बोलल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागणार होते. शिवाय प्रयोगशाळेतले वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये! एम. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांचा विरोध मावळला आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, बटाट्यातल्या सायटोक्रोम सी या घटकावर अवघ्या ४० पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या, आणि लग्नानंतर कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या.

आज विद्यापीठे मुलींना विज्ञानाकडे ‘आकर्षित’ करण्यासाठी उपक्रम आखतात, तेव्हा ही हकिगत आठवते. ओढ तेव्हाही होती. अडत होते ते प्रवेश, राहायची जागा, फी आणि नोकरी यांपाशी. या उपक्रमांचा इतिहास म्हणजे बराचसा या चार अडसरांचाच इतिहास आहे. त्यांतला एक निघाला म्हणजे पुढचा निघाला असे मात्र कधी झाले नाही. अ‍ॅना मणी यांना १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत जागा मिळाली. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी अनेक शोधनिबंध लिहिले, १९४५ मध्ये प्रबंधही सादर केला. एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पदवी दिली नाही. भारतीय हवामान खात्याची उपकरणशाखा उभारणाऱ्या या बाई शेवटपर्यंत पीएच.डी.विनाच राहिल्या.

इंजिनिअरिंगचे दार याहून जड होते. मद्रासच्या गिंडी कॉलेजात ते उघडले ते एका बापाच्या खटपटीने. ए. ललिता पंधराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेल्या आणि अठराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. वडील पप्पू सुब्बाराव गिंडीलाच विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांना राजी केले, शिक्षण संचालकांची परवानगी आणली. शेकडो मुलांत एकटी मुलगी! अभ्यास जमत होता, पण वसतिगृहातले एकटेपण खायला उठायचे. मग आणखी मुली याव्यात म्हणून प्रयत्न झाले आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. मुलींना इंजिनिअरिंगकडे वळवण्याचा भारतातला पहिला उपक्रम कोणता असे कुणी विचारले, तर या लेखकाचे बोट एका प्राध्यापकाच्या या घरगुती धडपडीकडे जाईल.

कॉलेजची तयारी किती होती ते प्रमाणपत्रावरून कळते. छापील मजकुरात पदवीधर पुरुषच होता. तो शब्द खोडून त्या जागी हाताने स्त्रीवाचक शब्द लिहावा लागला. ललिता पुढे कलकत्त्याच्या एका विद्युत कंपनीत राहून भाक्रा-नांगलसाठीच्या विद्युतवाहिन्यांच्या आराखड्यावर काम करत होत्या. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या महिला अभियंत्या आणि शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेलाही त्या गेल्या. थ्रेसिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

अटी मात्र बऱ्याच काळ टिकल्या. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, साठच्या दशकाच्या अखेरीस हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्या, तेव्हा प्राचार्यांनी घातलेल्या अटी त्यांनी स्वतःच सांगितल्या आहेत: साडी नेसायची, कँटीनमध्ये जायचे नाही, मुलांशी बोलायचे नाही. कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. आणि हे सगळे पार करून १९७४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचली, तर महिलांनी अर्ज करू नयेत अशी सूचना! त्यांनी जे. आर. डी. टाटांना खरमरीत पोस्टकार्ड धाडले, पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरीही लागली. ही गोष्ट इतकी वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातले पोस्टकार्डच लक्षात राहते. पदवी हातात असतानाही कारखान्याचे फाटक बंद होते, हे त्यामागे झाकून जाते.

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाची परंपरा मोठी, पण विज्ञानाशी तिचे नाते जरा तिरपे होते. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले ते जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून, आणि त्यात मातृभाषा, आरोग्य, गृहजीवनशास्त्र यांना मानाचे स्थान दिले. गणिताच्या प्राध्यापकाने असे का करावे, याचे उत्तर त्या काळात सापडते: मुलीने घराबाहेर पडून शिकावे, हेच पटवायला त्यांचा जन्म गेला होता. विठ्ठलदास ठाकरसींच्या १५ लाखांच्या देणगीनंतर ते विद्यापीठ एसएनडीटी झाले. इंजिनिअरिंग मात्र फार पुढची गोष्ट होती.

ती घडली पुण्याजवळच्या हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला. विधवांसाठी आश्रम चालवायला कर्व्यांनी १९०० च्या सुमारास तिथे झोपडी उभारली होती, आणि फर्ग्युसनला शिकवायला ते रोज पायी जायचे. त्याच संस्थेने, आताच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने, १९९१ मध्ये कमिन्स कंपनीच्या फाउंडेशनच्या साहाय्याने मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केले. खास मुलींसाठीच्या अशा कॉलेजांत देशातल्या पहिल्यांमध्ये त्याची गणना होते. सुरुवात इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर अशा शाखांनी झाली. मेकॅनिकल बऱ्याच उशिरा आले. ‘मुलींनी लेथवर काय करायचे’ हा समज जायला एवढा वेळ लागला म्हणायचा. मुलींचे वेगळे कॉलेज हवेच कशाला, असा आक्षेप घेता येतो आणि त्यात तथ्यही आहे. पण सांगली-साताऱ्याकडच्या आईबापांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसायचा, राहण्याचा असायचा. कर्वेनगरच्या आवारात त्याचे उत्तर जुने होते.

हेच मुंबईतल्या शास्त्रज्ञ स्त्रियांनी आधीच हेरले होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनने व्याख्याने, परिसंवाद तर केलेच, पण वाशीला नोकरदार महिलांचे वसतिगृह आणि पाळणाघरही चालवले. प्रयोगशाळेतून बाईला घरी ओढणारी गोष्ट बहुधा तान्हे मूल असते, हे त्यांना कुणी अहवाल लिहून सांगण्याची गरज पडली नाही. सरकारला हे पटायला जवळपास तीस वर्षे लागली: खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत आणणारी केंद्राच्या विज्ञान विभागाची योजना २००२-०३ ची. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांनी २००८ मध्ये राम रामस्वामींसह ‘लीलावतीज डॉटर्स’ संपादित केले. सुमारे शंभर भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांच्या त्या कथनांत घर आणि प्रयोगशाळा यांच्यातली ओढाताण पुन्हापुन्हा येते.

आयआयटींचा प्रश्न वेगळ्याच जागी अडला होता. बी.टेक.ला मुली जेमतेम ८-९ टक्के. टिमोथी गोन्साल्विस यांच्या समितीच्या शिफारशीवरून २०१८ पासून जास्तीच्या जागा निर्माण झाल्या: आधी १४ टक्के, मग १७, आणि २०२० मध्ये २० टक्क्यांचे लक्ष्य. या जागा मूळ संख्येच्या वर होत्या, म्हणजे एकाही मुलाची जागा जात नव्हती. तरीही ‘गुणवत्ता खालावली’ अशी कुजबुज झालीच. प्रवेशासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होणे सर्वांइतकेच सक्तीचे होते, हे कुजबुजणाऱ्यांच्या गावी नव्हते. पाठोपाठ ‘विज्ञान ज्योती’ आली. नववी ते बारावीच्या मुलींना नवोदय विद्यालयांमार्फत गाठून जवळच्या आयआयटी, आयसरसारख्या संस्थांशी जोडणारी ही योजना. गणित सोडायचे की ठेवायचे हे ठरते त्याच वयात, त्यामुळे तिचा नेम नेमका आहे.

महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींसाठी ३० टक्के जागा पूर्वीपासून आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींची फीही माफ झाली. प्रवेश आणि फी, दोन्हींची सोय झाल्यावर तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईला येणाऱ्या मुलीच्या हिशेबाच्या वहीत आता सगळ्यांत मोठा आकडा खोलीच्या भाड्याचा आणि खानावळीचा असतो.