संदेशाची वाट आणि वाटेची नोंद

संगणकीय संदेशवहनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा जोडणीकडे जाते. कोणती प्रणाली कोणत्या प्रणालीशी केव्हा बोलू लागली, याच्या सनावळ्या सहज हाती येतात. परंतु संदेश वाटेत हरवला तर तो नेमका कोठे हरवला हे कसे शोधावयाचे, या प्रश्नाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात जावा भाषेतील अपाची कॅमल या एकात्मीकरण-चौकटीच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या अमेरिकन संस्थेने वित्तबाजारांसाठी जे संदेशवहन उभारले, त्याचे ‘माहितीची बस’ हे रूपक पुढे रूढ झाले. आयबीएमची एमक्यू सिरीज १९९३ साली आली. १९९८ मध्ये जावासाठी संदेशसेवेचे प्रमाणक निघाले. या सर्वांमागील तत्त्व एकच होते. पाठविणाऱ्याला घेणाऱ्याची ओळख असू नये. दोघांमध्ये एक रांग असावी आणि संदेश तीत ठेवून पाठविणाऱ्याने मोकळे व्हावे. या सैल बांधणीचे लाभ पुष्कळ वर्णिले गेले आहेत. तिची किंमत मात्र दोषशोधनाच्या वेळी चुकवावी लागली. एका कार्यक्रमात चूक झाली तर कोणी कोणाला बोलाविले याची साखळी तरी हाती लागते. रांगेपलीकडे ती साखळीच तुटते.

ग्रेगर होपे व बॉबी वूल्फ यांच्या २००३ सालच्या एंटरप्राइझ इंटिग्रेशन पॅटर्न्स या ग्रंथात ६५ आकृतिबंध वर्णिलेले आहेत. आशय पाहून वाट ठरविणारा मार्गदर्शक, संदेशाचे तुकडे करणारा विभाजक, ते पुन्हा एकत्र आणणारा संकलक हे त्यांतील सुपरिचित होत. परंतु त्याच ग्रंथात पाळत व देखरेख यांविषयीचेही आकृतिबंध आहेत, आणि त्यांची नावे पाहण्याजोगी आहेत. ‘वायर टॅप’ हे नाव तारयंत्राच्या व दूरध्वनीच्या तारेवरून चोरून ऐकण्याच्या प्रघातावरून आले. ‘डेड लेटर’ हे तर सरळ टपाल खात्यातून उचललेले. (आपल्याकडेही बेवारस पत्रांच्या कचेरीला पूर्वी डेड लेटर ऑफिस असेच म्हणत, पुढे ते नाव बदलून रिटर्न्ड लेटर ऑफिस झाले.) तिसरा आकृतिबंध ‘संदेशाचा इतिहास’ हा होय. संदेश ज्या ज्या ठिकाणांहून गेला त्यांची यादी त्या संदेशालाच जोडलेली असावी, ही त्यामागील कल्पना. ती अगदी नवी नव्हती. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली सिद्ध केलेल्या ई-टपालाच्या प्रमाणकात प्रत्येक स्वीकारणाऱ्या यंत्राने पत्रावर आपला काळ-शिक्का उमटवावा असा दंडक होताच.

कॅमलचा जन्म २००७ सालचा. जेम्स स्ट्रॅचन यांनी अपाची ॲक्टिव्हएमक्यूचा उपप्रकल्प म्हणून त्याचा आरंभ केला आणि २००८ च्या अखेरीस तो स्वतंत्र प्रकल्प झाला. होपे-वूल्फ यांच्या आकृतिबंधांना चालू भाषेचे रूप द्यावे, ‘येथून’ आणि ‘येथवर’ अशा क्रियांनी मार्ग वाक्यासारखा लिहिता यावा, हा त्याचा विशेष. मार्ग वाचावयास सुलभ झाला खरा. परंतु वाचता येणारा मार्ग आणि संदेशाने प्रत्यक्ष आक्रमिलेला मार्ग एकच असतो असे नाही. म्हणूनच अनुरेखक, थांबे लावून संदेश रोखणारा दोषशोधक, आणि काही काळाने संदेश-इतिहासाची तपशीलवार नोंद, ही साधने चौकटीत एकामागून एक येत गेली. संदेश अपयशी ठरताच तो कोणत्या मार्गावरील कोणत्या टप्प्यांतून गेला व प्रत्येक टप्प्यास किती मिलिसेकंद लागले, याचा तक्ता छापला जाऊ लागला.

तथापि या तक्त्याला एक मर्यादा होती. कॅमल हा इतिहास संदेशाच्या शिरोनोंदींत ठेवीत नाही, तर ज्या वेष्टनात संदेश वाहून नेला जातो त्या ‘एक्स्चेंज’च्या गुणधर्मांत ठेवतो. संदेश बाहेरच्या रांगेत पडला की सामान्यतः आशय व शिरोनोंदी तेवढ्या पुढे जातात. वेष्टन आणि त्यासोबतचा इतिहास अलीकडेच राहतो. म्हणजे ज्या सीमेवर शोधाची खरी गरज, तेथेच माग थांबतो! हॅन्सेल व ग्रेटेलच्या गोष्टीतील पावाच्या तुकड्यांवरून नाव घेतलेली ‘ब्रेडक्रंब’ ही ओळख-खूण शिरोनोंद असल्यामुळे सीमा ओलांडू शकते. मात्र ती केवळ ओळख सांगते. वाट सांगत नाही.

याहून उद्बोधक अडचण आशयासंबंधी आहे. कॅमलमधून वाहणारा आशय कित्येकदा प्रवाहरूप असतो. तो एकदाच वाचता येतो. अशा संदेशाची तपासणी करण्यासाठी कोणी मार्गात नोंदीचा टप्पा घातला, तर आशय त्या टप्प्यावरच वाचून संपतो आणि पुढील टप्प्यास कोरा संदेश मिळतो. दोष शोधण्यास गेलेल्याने दोष निर्माण करावा, असा हा प्रकार! वायर टॅपही यातून सर्वस्वी मुक्त नाही. तो संदेशाची वरवरची प्रत काढतो, आशयाची वस्तू दोन्ही प्रतींत एकच राहते, आणि एकीकडे केलेला फेरफार दुसरीकडे दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, साक्षीदाराच्या प्रश्नानेच साक्ष बदलते हा इतिहाससंशोधकाचा जुना अनुभव येथे यंत्रात मूर्त झालेला आहे. अर्थात ही तुलना फार ताणू नये. येथे निदान उपाय उपलब्ध आहे. प्रवाह साठवून ठेवला की तो पुन्हा वाचता येतो. पण साठवणुकीस स्मृती लागते.

आणि येथेच या इतिहासातील खरा वाद आहे. नोंद ठेवण्याचा खर्च प्रत्येक संदेशावर पडतो. तिचा उपयोग मात्र बिघडलेल्या थोड्या संदेशांपुरताच होतो. तर मग नोंद नेहमी ठेवावी, की मागितल्यावरच? नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने स्पष्ट कौल दिला. चौकट हलकी करण्याच्या हेतूने संदेश-इतिहासाची नोंद मुळात बंद ठेवण्यात आली. ज्याला हवी त्याने ती सुरू करावी. हा निर्णय अविचारी म्हणता येणार नाही, पण ज्याला उद्या अपघात होणार आहे त्याला आज त्याची कल्पना नसते, हा आक्षेप त्यावर उरतोच. त्याच आवृत्तीत, शिरोनोंदी नकळत गहाळ होण्यास वारंवार कारण ठरलेली स्वतंत्र ‘आउट’ संदेशाची पद्धत त्याज्य ठरविली गेली. म्हणजे एका दोषाची नोंद ठेवण्याऐवजी त्याचे मूळच उपटण्याचा यत्न झाला. पुढे २०२२ मध्ये ३.१७ या आवृत्तीत प्रवाहाची साठवण मात्र मुळातच चालू करण्यात आली. तीन वर्षांच्या आत एकाच प्रकल्पाने वाटेची नोंद ऐच्छिक केली, आणि वाटसरूचा आशय जपणे हा सर्वसामान्य नियम केला.