बागेतली चिमुकली फुलपाखरे

पावसाळा ओसरू लागला, की मावळ आणि लोणावळा परिसरातील घरांच्या बागांत फुलपाखरांची लगबग वाढते. तुळशीच्या मंजिऱ्यांवर, एकदांडीच्या फुलांवर जेमतेम २ ते ३ सेंटीमीटर पंखविस्ताराची, ‘ब्लू’ म्हणून ओळखली जाणारी फुलपाखरे उतरतात. सोंड आखूड असल्याने त्यांना लहान, उथळ फुले सोयीची पडतात. उन्हाची ऊब मिळाल्यावरच ती उडू लागतात. त्यामुळे सकाळी ऊन पसरल्यानंतरची वेळ निरीक्षणास उत्तम.

मात्र, फुले मकरंद पुरवतात. वंश वाढण्यासाठी अळ्यांना ठरावीक वनस्पतीच लागते. ‘पेल ग्रास ब्लू’च्या अळ्या आंबुशीवर, तर ‘झेब्रा ब्लू’च्या चित्रकावर वाढतात. याच कुळातील ‘रेड पिएरो’च्या अळ्या पानफुटीच्या मांसल पानात शिरून आतला गर खातात. मोठ्या फुलपाखरांनाही हाच नियम लागू आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ‘ब्लू मॉर्मन’च्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात.

तण समजून आंबुशी उपटली किंवा कुरतडलेल्या पानांवर कीटकनाशक फवारले, तर पुढची पिढीच नाहीशी होते. बागेचा एखादा कोपरा न खुरपता राखणे, हे फुलझाडे लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे.