सेवाभिमुख संरचना

सेवाभिमुख संरचना, अर्थात सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर किंवा संक्षेपाने एसओए, ही मोठ्या संस्थांच्या संगणक प्रणालींची मांडणी करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत संस्थेचे कामकाज 'ग्राहकाची ओळख पडताळणे', 'खात्यातील शिल्लक सांगणे', 'हप्ता ठरवणे' अशा स्वयंपूर्ण कामांत विभागले जाते आणि प्रत्येक काम करणारा आज्ञावलीचा भाग 'सेवा' म्हणून इतर प्रणालींना उपलब्ध करून दिला जातो. सेवा मागणाऱ्या प्रणालीला ती सेवा कोणत्या भाषेत लिहिली आहे किंवा कोणत्या यंत्रावर चालते हे ठाऊक असण्याची गरज नसते. काय पाठवायचे आणि काय परत मिळेल, एवढा करार तिला पुरतो.

बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि शासकीय विभाग यांनी २००० ते २०१० या दशकात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. संस्थेची व्यावसायिक उद्दिष्टे आणि तिचे माहिती तंत्रज्ञान यांच्यात मेळ बसवणे, हा त्यामागचा मुख्य हेतू होता.

पार्श्वभूमी

मोठ्या संस्थांमध्ये संगणकीकरण टप्प्याटप्प्याने आणि विभागवार झाले. बँकेत बचत खात्यांची प्रणाली एका काळात, कर्जांची दुसऱ्या काळात आणि कार्डांची तिसऱ्या काळात उभी राहिली. प्रत्येक प्रणालीचा विदासंच, भाषा आणि देखभाल करणारा चमू वेगळा असे. परिणामी एकाच ग्राहकाचे नाव व पत्ता अनेक ठिकाणी साठवला जाई आणि पत्ता बदलल्यास तो प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे बदलावा लागे.

या प्रणालींना एकमेकींशी बोलते करण्यासाठी दोन-दोन प्रणालींमध्ये थेट जोडण्या केल्या जात. ही पद्धत लहान संख्येत चालते. परंतु प्रणाली वाढल्या की जोडण्यांची संख्या त्याहून वेगाने वाढते. प्रत्येक प्रणाली इतर प्रत्येकीशी जोडायची झाल्यास १० प्रणालींना ४५, २० प्रणालींना १९० आणि ३० प्रणालींना ४३५ जोडण्या लागतात. अशा जाळ्यात एका प्रणालीतील किरकोळ बदलही अनेक जोडण्या मोडू शकतो. त्यामुळे नवे उत्पादन बाजारात आणण्याचा निर्णय व्यवस्थापनाने काही दिवसांत घेतला, तरी तो संगणकावर उतरण्यास अनेक महिने लागत.

व्यवसाय आणि तंत्रज्ञान यांच्यातील मेळ

व्यवसायाची दिशा आणि माहिती तंत्रज्ञानाची दिशा यांच्यातील अंतर हा व्यवस्थापनशास्त्रातील जुना विषय आहे. जॉन हेंडरसन आणि एन. वेंकटरामन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात व्यवसायनीती, तंत्रज्ञाननीती, संस्थेची अंतर्गत रचना आणि तंत्रज्ञानाची अंतर्गत रचना या चारही बाजू परस्परांशी जुळलेल्या असाव्यात, असे प्रतिपादन आहे. त्याआधी १९६८ मध्ये मेल्विन कॉनवे यांनी असे निरीक्षण नोंदवले होते, की कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात त्या संस्थेतील संवादाच्या रचनेचेच प्रतिबिंब पडते. हे निरीक्षण 'कॉनवेचा नियम' म्हणून ओळखले जाते.

सेवाभिमुख संरचनेने या प्रश्नाला दिलेले उत्तर मुख्यतः शब्दसंग्रहाचे आहे. व्यवस्थापक 'दावा मंजूर करणे' म्हणतो, तर अभियंता सारण्या आणि कार्यक्रमांची नावे घेतो. त्यामुळे दोघांत सतत भाषांतर करावे लागते. सेवेचे नाव व व्याप्ती व्यवसायाच्या भाषेत ठरवली, तर दोघांना एकाच घटकाविषयी बोलता येते. त्या घटकाचा खर्च, वेग आणि चुकांचे प्रमाणही मग त्याच नावाने मोजता येते.

इतिहास

दूरस्थ संगणकावरील कार्य हाक मारून करून घेण्याची कल्पना सेवाभिमुख संरचनेपेक्षा जुनी आहे. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने १९९१ मध्ये कॉर्बा हे मानक प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टने पुढे डीकॉम हे तंत्र आणले. या तंत्रांनी वेगवेगळ्या यंत्रांवरील आज्ञावल्या जोडल्या. तथापि ती अंमलात आणणे गुंतागुंतीचे होते आणि वेगवेगळ्या उत्पादकांची साधने एकमेकांशी सहज जुळत नसत.

'सेवाभिमुख संरचना' ही संज्ञा गार्टनर या संशोधन संस्थेतील रॉय शुल्टे आणि येफिम नॅटिस यांनी १९९६ मध्ये वापरली. १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल हे मानक जाहीर केल्यानंतर संदेशांची देवाणघेवाण कोणत्याही एका उत्पादकावर अवलंबून राहिली नाही. संदेशांसाठी सोप, सेवेच्या वर्णनासाठी डब्ल्यूएसडीएल आणि सेवांच्या नोंदवहीसाठी यूडीडीआय ही मानके २००० च्या सुमारास पुढे आली. सोपची १.२ ही आवृत्ती २००३ मध्ये अधिकृत शिफारस ठरली. २००६ मध्ये ओएसिस या मानक संघटनेने सेवाभिमुख संरचनेचे संदर्भ-प्रतिमान प्रसिद्ध केले.

मूलतत्त्वे

थॉमस अर्ल यांनी आपल्या ग्रंथांत सेवेच्या रचनेची आठ तत्त्वे मांडली असून ती या विषयाच्या अध्यापनात सर्रास वापरली जातात.

१. प्रमाणित करार : प्रत्येक सेवेचे वर्णन ठरावीक नमुन्यात लिहिलेले असते.
२. सैल जोडणी : सेवा आणि तिचा वापरकर्ता यांचे परस्परावलंबन कमीत कमी ठेवले जाते.
३. अमूर्तता : करारात नसलेला अंतर्गत तपशील बाहेर दिसत नाही.
४. पुनर्वापर : एकदा घडवलेली सेवा अनेक कामांसाठी वापरता येते.
५. स्वायत्तता : सेवेचे स्वतःच्या कार्यपरिसरावर नियंत्रण असते.
६. स्थितिरहितता : दोन मागण्यांच्या दरम्यान शक्यतो माहिती धरून ठेवली जात नाही.
७. शोधसुलभता : उपलब्ध सेवा वापरकर्त्याला सापडतील अशा रीतीने नोंदलेल्या असतात.
८. संयोजनक्षमता : लहान सेवा जोडून मोठी सेवा तयार करता येते.

घटक

सेवा पुरवणारी प्रणाली, सेवा वापरणारी प्रणाली आणि सेवांची नोंदवही हे या संरचनेचे तीन मूलभूत घटक होत. अनेक संस्थांनी त्यांच्या जोडीला 'एंटरप्राइज सर्व्हिस बस' नावाचा मध्यस्थ वापरला. संदेश योग्य ठिकाणी पोहोचवणे, एका नमुन्यातील संदेश दुसऱ्या नमुन्यात बदलणे आणि पाठवणाऱ्याची ओळख तपासणे ही कामे तो करतो. अनेक सेवा ठरावीक क्रमाने चालवण्यासाठी बीपेल ही प्रक्रियावर्णनाची भाषा वापरली जाई; तिची २.० ही आवृत्ती ओएसिसने २००७ मध्ये मंजूर केली.

उदाहरणादाखल गृहकर्जाचा अर्ज घेता येईल. अर्ज आल्यावर ओळख पडताळणे, जुनी कर्जे तपासणे, तारणाचे मूल्य ठरवणे, हप्ता काढणे आणि खाते उघडणे अशी कामे होतात. ओळख पडताळण्याची सेवा बचत खाते उघडतानाही लागते आणि विमा विकतानाही. ती एकदाच घडवली, तर नियामकाचा नियम बदलल्यावर बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. मात्र प्रक्रिया मध्येच अडल्यास आधी झालेली कामे आपोआप पूर्ववत होत नाहीत. खाते उघडल्यानंतर रक्कम वर्ग झाली नाही, तर खाते बंद करणारी भरपाईची क्रिया वेगळी लिहावी लागते. एकाच विदासंचावर चालणाऱ्या जुन्या प्रणालीत ही अडचण नसे.

अंगीकार

सेवाभिमुख संरचनेचा अंगीकार सामान्यतः पुढील क्रमाने केला जातो. प्रथम संस्थेच्या कार्यक्षमतांचा आराखडा तयार होतो आणि कोणती कामे अनेक विभागांत पुन्हा पुन्हा होतात हे शोधले जाते. नंतर व्यवसायाला तातडीची गरज असलेले एखादे क्षेत्र निवडून तेथे थोड्या सेवा घडवल्या जातात. जुन्या प्रणाली लगेच काढून टाकल्या जात नाहीत. त्यांच्यावर सेवेचे आवरण चढवले जाते आणि आतील भाग सवडीने बदलला जातो.

सेवेचा आकार ठरवणे हा यातील अवघड निर्णय असतो. फार मोठी सेवा दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही, तर फार लहान सेवा वापरल्यास एका कामासाठी जाळ्यावरून शेकडो फेऱ्या होतात. एकाच यंत्रातील हाकेपेक्षा जाळ्यावरील हाक कितीतरी पट मंद असते, म्हणून अशी प्रणाली व्यवहारात निरुपयोगी ठरू शकते.

नियमन आणि मालकी

अंगीकारातील सर्वांत कठीण प्रश्न तांत्रिक नसतात. सेवा सामायिक झाली की तिचा मालक कोण, तिच्या देखभालीचा खर्च कोणी सोसायचा आणि दोन विभागांनी परस्परविरोधी बदल मागितल्यास कोणाचे ऐकायचे, हे ठरवावे लागते. बहुतेक संस्थांत निधी प्रकल्पवार आणि विभागवार मंजूर होतो. सेवा पहिल्यांदा घडवणाऱ्या विभागाला ती इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून अधिक वेळ व पैसा खर्च करावा लागतो. लाभ मात्र नंतर येणाऱ्या विभागांना होतो. त्या विभागाला हा अतिरिक्त भार उचलण्याचे कारण उरले नाही, तर तो केवळ आपल्या गरजेपुरतीच सेवा घडवतो आणि पुनर्वापर कागदावर राहतो.

यावर उपाय म्हणून संस्था सेवानियमनाची व्यवस्था उभी करतात. तीत प्रत्येक सेवेला जबाबदार मालक नेमणे, करारातील बदलांना पूर्वसूचना बंधनकारक करणे, जुनी आवृत्ती किती काळ चालू राहील हे जाहीर करणे आणि सामायिक सेवांसाठी मध्यवर्ती निधी ठेवणे यांचा समावेश होतो. नियमन अति कडक झाल्यास प्रत्येक बदलाला समितीची मंजुरी लागते आणि ज्या चपळतेसाठी हा खटाटोप केला तीच हरवते.

प्रत्यक्ष उदाहरणे

स्वित्झर्लंडमधील क्रेडिट स्विस या बँकेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेनफ्रेमवरील आपल्या मूळ प्रणाली टिकवून त्यांच्याभोवती कॉर्बावर आधारित 'इन्फर्मेशन बस' उभारली. या प्रकल्पात तंत्रज्ञानाइतकेच महत्त्व जोडण्यांच्या नोंदणीला आणि परीक्षणाला देण्यात आले होते. वेब सेवांची मानके येण्यापूर्वीच हे काम झाले असल्याने, सेवाभिमुखता कोणत्याही एका तंत्रावर अवलंबून नाही याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

ॲमेझॉनमध्ये २००२ च्या सुमारास जेफ बेझोस यांनी सर्व चमूंनी आपली माहिती व कार्ये केवळ सेवांच्या माध्यमातूनच एकमेकांना उपलब्ध करून द्यावीत, असा आदेश दिल्याचे एका माजी अभियंत्याच्या २०११ मध्ये प्रकाशात आलेल्या टिपणातून सर्वज्ञात झाले. दुसऱ्या चमूचा विदासंच थेट वाचण्यास त्यात मनाई होती. येथे संस्थेची रचनाही बदलली आणि सेवा घडवणारा लहान चमूच ती चालवण्यास जबाबदार ठरला.

भारतात २००६ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ई-शासन योजनेअंतर्गत विविध विभागांच्या प्रणाली जोडण्यासाठी संदेशवहनाचे राष्ट्रीय प्रवेशद्वार उभारण्यात आले. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ते विकसित केले. मुंबईस्थित भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेली यूपीआय ही व्यवस्था सेवाभिमुख संरचना या नावाने ओळखली जात नाही. तरीही बँकांच्या अंतर्गत प्रणाली भिन्न असताना सर्वांनी समान करारानुसार संदेश पाठवणे, हे तत्त्व तिच्यातही दिसते.

टीका आणि मर्यादा

अनेक संस्थांनी सेवाभिमुख संरचना म्हणजे विशिष्ट सॉफ्टवेअर खरेदी करणे असा अर्थ घेतला. महागडी बस बसवली गेली, परंतु विभागांच्या सीमा, निधीची पद्धत आणि जुनी पुनरुक्ती कायम राहिली. काही ठिकाणी व्यवसायाचे नियमही बसमध्येच लिहिले गेल्याने ती स्वतःच बदलण्यास अवघड अशी मध्यवर्ती प्रणाली बनली. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली यूडीडीआयची सार्वजनिक नोंदवही २००६ च्या आरंभी बंद करण्यात आली.

जानेवारी २००९ मध्ये बर्टन ग्रुपच्या विश्लेषक ॲन थॉमस मेन्स यांनी एसओए ही संज्ञा मृत झाली असून सेवांची गरज मात्र कायम आहे, असे मत मांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉटरडॅम येथील परिसंवादात या क्षेत्रातील तज्ज्ञांनी 'एसओए जाहीरनामा' प्रसिद्ध केला. तांत्रिक नीतीपेक्षा व्यवसायमूल्याला आणि प्रकल्पापुरत्या लाभांपेक्षा संस्थेच्या दीर्घकालीन उद्दिष्टांना त्यात अग्रक्रम देण्यात आला आहे.

सूक्ष्मसेवांशी संबंध

रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात वर्णिलेली रेस्ट ही शैली पुढे सोपपेक्षा अधिक प्रचलित झाली. २०१४ मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे 'सूक्ष्मसेवा' ही संकल्पना सर्वदूर पोहोचली. सूक्ष्मसेवांमध्ये प्रत्येक सेवेचा विदासंच वेगळा असतो, ती स्वतंत्रपणे तैनात करता येते आणि मध्यवर्ती बसऐवजी साधी संदेशवाहिनी वापरली जाते. काही अभ्यासक सूक्ष्मसेवांना सेवाभिमुख संरचनेचेच एक रूप मानतात, तर काही तिला वेगळी शैली समजतात. सेवेची सीमा व्यवसायाच्या कामानुसार आखावी आणि तिची मालकी स्पष्ट असावी, ही अट दोन्हींना समान आहे.

हे सुद्धा पहा

सॉफ्टवेअर अभियांत्रिकी
ई-शासन
मेघ संगणन
एक्सएमएल