चाळीसगावचा टांगा आणि दुकानदाराचा ‘नकाराचा अधिकार’

हॉटेलच्या गल्ल्यामागे ‘प्रवेशाचे सर्व अधिकार राखीव’ अशी पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, दुकान मालकाचे, भांडवल मालकाचे, मग कोणाला सेवा द्यायची हे त्याने का ठरवू नये? त्याला तो अधिकार आहे, पण थोडासाच. तो कुठे संपतो हे समजून घ्यायला खानदेशाबाहेर जायची गरज नाही.

1929 साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी आटोपून ते चाळीसगावला परतले. तेथील महारवाड्याने त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवर मात्र तासाहून अधिक वेळ ताटकळावे लागले, कारण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी तोडगा निघाला: टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. पाहुण्याने पायी जावे हे वस्तीला मान्य नव्हते, म्हणून कधी टांगा न हाकलेल्या एकाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. पोटासाठी टांगा हाकणारा माणूससुद्धा स्वतःला एका बॅरिस्टरपेक्षा वरचा समजतो, हे तेथे कळले, असे ते नोंदवतात.

टांगेवाल्याला भाडे चालत होते, सवारी चालत नव्हती. आणि त्या दिवशी त्याने कोणताही कायदा मोडला नव्हता, हे लक्षात घ्या. 1923 चा बोले ठराव सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांच्यापुरता होता. खासगी धंदा त्याच्या बाहेर होता.

ती फट संविधानाने बुजवली. अनुच्छेद 15(2) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही दुकान, उपाहारगृह, हॉटेल, करमणुकीच्या जागी अडवता येत नाही, आणि हे बंधन सरकारप्रमाणेच खासगी माणसावरही आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी शब्दाचा अर्थ जाणूनबुजून रुंद ठेवला: येणाऱ्या कोणालाही सेवा देण्यासाठी उघडलेली जागा म्हणजे दुकान. त्याच चर्चेचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये खासगी शिक्षणसंस्थाही या अनुच्छेदाखाली आणल्या. अमेरिकेत हॉटेलमालकांना असे बांधणारा देशव्यापी नागरी हक्क कायदा 1964 मध्ये आला.

रोजच्या लढाईत उपयोगी पडतो तो 1955 चा कायदा, 1976 पासून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जाणारा. त्यात ‘दुकान’ म्हणजे लॉंड्री, कटिंगचे सलून, फेरीवाल्याची गाडी, ग्राहकाला सेवा मिळते अशी कोणतीही जागा. कलम 4 प्रवेश, हॉटेलातील भांडी आणि सार्वजनिक वाहन यांबद्दल आहे. वेगळा कप ठेवणेही गुन्हाच. पण आमच्या मते सर्वात धारदार आहे कलम 6. इतर ग्राहकांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी, ज्या अटींवर माल किंवा सेवा मिळते, त्याच अटींवर ती अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे म्हणजे गुन्हा.

यातच पुराव्याची दिशा आहे. आज तोंडावर जात काढून कोणी हाकलत नाही. ‘कारागीर सुट्टीवर आहे’, ‘टेबल बुक आहे’ असे सांगितले जाते. त्या वाक्यावर वाद घालत बसू नका. त्याच वेळी, त्याच दरात दुसऱ्या कोणाला सेवा मिळाली का, ते पाहा. वेळ लिहा, साक्षीदार ठेवा, बिल जपा. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कलम 12 नुसार कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दारू पिऊन धिंगाणा, थकलेली उधारी, बंद झालेली भटारखान्याची वेळ, या कारणांनी दुकानदार नकार देऊ शकतो, फक्त नियम सर्वांना सारखा हवा. आपल्यातील जे तरुण आता सलून, कॅन्टीन, मोबाईलची दुकाने टाकत आहेत, त्यांनाही 15(2) तितकाच लागू आहे.

अट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने दुकानात, दवाखान्यात प्रवेश अडवणे आणि आर्थिक बहिष्कार हे स्वतंत्र गुन्हे झाले. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. 1955 च्या कायद्यातील कलम 4 ची शिक्षा, एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड, त्यापुढे किरकोळ वाटते. म्हणून तक्रारीत दोन्ही कायद्यांची कलमे मागा. 2018 मध्ये आलेल्या कलम 18अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट पोलिसांना घालता येत नाही.

‘तुम्ही बौद्ध, मग अट्रॉसिटी कशी लागेल?’ असे ठाण्यात अजूनही विचारले जाते. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे. जातीचे प्रमाणपत्र मात्र तयार ठेवा. तपास आणि अर्थसहाय्य दोन्हीकडे ते मागतात.

सर्वात कच्ची जागा आहे भाड्याची खोली. जळगाव-धुळ्यात शिकायला येणाऱ्या पोरांना आडनाव विचारून परत पाठवले जाते, आणि 15(2) च्या यादीत ‘घर’ हा शब्द नाही. तिथे आर्थिक बहिष्काराच्या तरतुदीवर जोर द्यावा लागतो आणि सिद्ध करणे कठीण जाते. ‘खोली रिकामी आहे’ हा संदेश आणि नंतरचा नकार, दोन्ही फोनमध्ये जपून ठेवा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, त्याची प्रत समाजकल्याण सहायक आयुक्तांना पाठवा आणि 14566 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.